चियाची वाटी आणि सबज्याचा संशय

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमचे घर तासगावात आहे. नात साडेचार वर्षांची आणि नातू अकरा महिन्यांचा आहे. उन्हाळा लागला की गॅसपुढे उभे राहणे नकोसे होते, म्हणून सुनेने चियाच्या बियांचे पाकीट आणून दुधात फळे घालून, न शिजवता करायचे पुडिंग करून पाहिले. मला त्या बिया म्हणजे आपला सबजाच वाटला. सून म्हणते, हे वेगळे. पुडिंगच्या वर गुठळ्या झाल्या, तळाशी दूध तसेच पातळ राहिले आणि नातीने एकच चमचा तोंडात घालून ‘आजी, यात बेडकाची अंडी आहेत’ असे जाहीर करत वाटी सरकवली. दूध आणि फळे एकत्र करू नयेत असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, त्याचे काय? नीट कृती सांगावी, कोणती फळे घालावीत तेही सांगावे आणि नातवाला हे द्यावे का, याचेही उत्तर द्यावे.
— एक आजी, तासगाव

उत्तर : आजी, सबज्याच्या बाबतीत आपल्या सूनबाईंचे म्हणणे बरोबर आहे, पण आपला संशयही निराधार नाही, कारण चिया आणि सबजा या दोन्ही बिया तुळस-पुदिन्याच्या एकाच कुळातल्या आहेत आणि दोन्हींच्या अंगी पाण्यात फुगून बुळबुळीत आवरण धरण्याचा गुण आहे. सबजा हे आपल्याकडच्या रानतुळशीचे, म्हणजे फालुद्यात घालतात ते बी. चिया मूळची मेक्सिको आणि ग्वातेमाला या भागांतली असून आता आपल्या देशातही तिची शेती होते. ओळखायचे झाल्यास दोन्ही बिया पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवाव्यात. सबजा एकसारखा काळाभोर आणि काहीसा टोकदार दिसतो, तर चिया गुळगुळीत, लंबगोल आणि राखाडी-काळी-पांढरी अशी ठिपकेदार असते. खरा फरक पाण्यात कळतो. सबजा पाचसात मिनिटांत टपोरा फुगतो, पण त्याचा दाणा दाण्यापासून सुटा राहतो. चिया सावकाश फुगते, तिचे आवरण एकमेकांत मिसळते आणि सगळे द्रवच आळून येते. पुडिंग होते ते या आळण्यामुळे, त्यामुळे सबज्याने ते तसे होणार नाही.

सूनबाईंच्या गुठळ्यांचे कारणही यातच आहे. बिया एका जागी ओतल्या की बाहेरच्या बिया आधी ओल्या होऊन चिकट होतात आणि आतल्या बियांपर्यंत दूध पोहोचूच देत नाहीत. वर गोळा तयार होतो आणि खालच्या दुधाला आळायला बियाच उरत नाहीत. मी स्वतः पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा घाईघाईने कोमट दुधात बिया टाकल्या होत्या आणि तयार झालेला गोळा चमच्याने फोडता फोडता अर्धा तास गेला. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते : दूध पूर्ण गार असावे, बिया वरून चिमटीने भुरभुरत घालाव्यात आणि एकदा ढवळून झाल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा एकदा तळापासून ढवळावे. हे दुसरे ढवळणे पाककृतींत बहुधा अर्ध्या ओळीत उरकलेले असते आणि करणारेही ते विसरतात; वास्तविक पुडिंग साधते की बिघडते ते तिथेच ठरते.

प्रमाणासाठी कप आणि वाट्यांच्या वादात पडू नये. ज्या चमच्याने बिया घ्याल त्याच चमच्याने दूध मोजावे : एक चमचा चियाला आठ चमचे दूध. पोह्यांच्या मोठ्या चमच्याने दोन चमचे बिया घेतल्या, तर त्या साधारण २४ ग्रॅम भरतात आणि सोळा चमचे दूध सुमारे २४० मिलिलिटर होते. बाजारातल्या पुडिंगमध्ये बिया याहून जास्त असतात आणि ते चमचा उभा राहील इतके घट्ट होते, परंतु लहान मुलांसाठी मऊ, चमच्यावरून सावकाश ओघळेल असेच बरे. न शिजवण्याचा पदार्थ याचा अर्थ कच्चे दूध असा मात्र कोणी घेऊ नये. गवळ्याकडचे सुटे दूध नेहमीसारखे उकळून, गार करून आणि साय काढून घ्यावे. साय तशीच राहिली तर तिचे तुकडे बियांसकट तोंडात येतात आणि मुलांना नेमके तेच नको असते.

झाकणाची काचेची बरणी किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. आधी दूध, मग भुरभुरलेल्या बिया, मग ढवळणे. छोटी रवी असेल तर उत्तम, नसेल तर काटा चालेल. दहा मिनिटांनी झाकण लावून हा डबा नातीच्या हातात द्यावा आणि तिला तो वीस अंक मोजेपर्यंत हलवायला सांगावे. गॅस, सुरी, वाफ यांतले काहीच नसल्यामुळे साडेचार वर्षांच्या मुलीला खरोखर करता येण्याजोगे काम या पदार्थात आहे आणि आपण स्वतः हलवलेली वाटी मुले सहसा सरकवत नाहीत. त्यानंतर डबा फ्रीजमध्ये किमान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवावा. सकाळी एका बोटावर थोडे पुडिंग घेऊन दोन बोटांत चोळून पाहावे : बी मधोमध कडक लागत असेल तर ते अजून भिजायचे आहे. अशा वेळी दोन चमचे दूध घालून ते पुन्हा ठेवावे, वाढण्याची घाई करू नये.

ही घाई मला का नको आहे, ते स्पष्ट सांगते. कोरडी चिया आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी शोषून घेते आणि हे शोषण घशात किंवा अन्ननलिकेत व्हायला लागले तर घास अडकतो. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या २०१४ सालच्या परिषदेत गिळताना अधूनमधून त्रास होणाऱ्या ३९ वर्षांच्या एका माणसाची हकिकत मांडण्यात आली होती : त्याने चमचाभर कोरड्या चिया खाऊन वर पाणी प्यायले, बियांचा गोळा अन्ननलिकेत फुगून बसला आणि डॉक्टरांना दुर्बिणीच्या साहाय्याने मार्ग मोकळा करावा लागला. मोठ्या माणसाची ही गत, तर मुलांच्या अरुंद घशाचा विचार आपणच करावा. म्हणून शोभेसाठी वाटीवर वरून कोरड्या बिया भुरभुरण्याची जी पद्धत फोटोंमधून दिसते, ती मुलांच्या वाटीपुरती तरी बंद ठेवावी, आणि उघडे पाकीट मुलांच्या हाती लागणार नाही अशा फळीवर ठेवावे.

बेडकाच्या अंड्यांबद्दल आपल्या नातीची तक्रार मला रास्त वाटते; दिसायला ते तसेच दिसते. यावर उपाय असा की भिजून आळलेले पुडिंग फळाच्या गरासह मिक्सरमधून एकदा फिरवावे, म्हणजे ते आंब्याच्या रसासारखे एकजीव होते. किंवा कोरड्या बियांचीच आधी पूड करून ती दुधात घालावी. पूड लवकर आळते, दाताखाली काही येत नाही, आणि बियांतले स्निग्ध घटक शरीराला अधिक सहज मिळतात. अख्ख्या बिया पुष्कळदा जशा गेल्या तशाच दुसऱ्या दिवशी बाहेर येतात आणि लंगोटात काळे ठिपके पाहून घरातली माणसे उगाच घाबरतात. पूड मात्र एका वेळेपुरतीच करावी, कारण बियांत तेल भरपूर असल्यामुळे ती लवकर खवट होते.

आता फळे. तासगावात राहणाऱ्या घराला फळांचा तोटा नाही, पण सर्वांत जास्त काळजी आपल्या दारातल्या द्राक्षांचीच घ्यावी लागते. अख्खे द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमके लहान मुलाच्या श्वासनलिकेत बूच बसावे अशा आकाराचे असते. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ते नेहमी उभे चार तुकडे करून द्यावे; आडवे दोन तुकडे केले तर त्याचा गोलपणा तसाच राहतो. बागेतून आलेला घड फवारणी झालेला असतो हे आपल्याला मी सांगायला नको, तेव्हा एकेक मणी सुटा करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावा. साताऱ्याकडून येणारी स्ट्रॉबेरी देठासकट धुऊन मग देठ काढावा, नाहीतर आत पाणी शिरून ती बेचव होते. चिकूचे बी टोकाशी आकडीसारखे वळलेले असते, ते एकही गरात राहता कामा नये. रायवळ आंब्याचा रस चाळणीतून गाळून घ्यावा, म्हणजे रेषा राहत नाहीत. केळे आयत्या वेळी कुस्करावे, आधी केले तर काळे पडते. जत-आटपाडीकडची डाळिंबे गोड असतात, पण नातीला दाणे चावून खाण्याची सवय नसेल तर त्यांचा रस काढून घालावा. कलिंगड या पदार्थात घालूच नये. त्याच्या पाण्याने आळलेले सगळे पातळ होते.

पपई, अननस आणि किवी यांची गोष्ट वेगळी आहे. न शिजवलेल्या या फळांत प्रथिने तोडणारे पाचक घटक असतात आणि ते दुधातल्या प्रथिनांवर काम करू लागले की तासाभरात वाटी कडवट लागायला लागते. दूध नासले असे समजून ते ओतून देणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. ही फळे घालायचीच असतील तर खाण्याच्या क्षणी वर ठेवावीत आणि लगेच संपवावीत.

येथेच आपला दूध-फळांचा प्रश्न येतो. आंबट फळे दुधाबरोबर घेऊ नयेत असे आयुर्वेदात, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही, सांगितले आहे आणि आपल्या घरांत तो संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गंमत अशी की त्याच घरांत केळ्याचे शिकरणही तितक्याच पिढ्या चालत आले आहे. आजच्या आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहता आंबटाने दूध फाटते हे खरे, पण जठरातल्या आम्लाने ते तसेही फाटतेच, त्यामुळे निरोगी मुलाला यातून अपाय होतो असे दिसत नाही. तरीही, घरातली वडीलधारी माणसे मनात किंतु ठेवून मुलाला घास भरवणार असतील तर त्या घासाला अर्थ नाही, असे माझे मत आहे. आपण दुधाच्या पुडिंगमध्ये गोड आंबा, चिकू किंवा केळे घालावे. स्ट्रॉबेरी आणि द्राक्षांसाठी दूध वगळून ताजे, गोडसर दही घुसळून घ्यावे. ते आधीच विरजलेले असल्याने फाटण्याचा प्रश्न येत नाही. नारळाचे दूधही छान लागते, मात्र ते घरी काढलेले असेल तर त्याच दिवशी संपवावे. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत मी तर दूध-दही काहीच घालत नाही : वाटीभर स्ट्रॉबेरी काट्याने रगडून तिला सुटलेल्या रसातच एक चमचा चिया भिजवते आणि चार तासांनी तो मुरंब्यासारखा लालचुटूक गोळा पोळीला लावून देते.

गोडीसाठी साखरेची गरज नाही. आपल्याकडचा बेदाणा रात्री भिजवून सकाळी त्याच पाण्यात बारीक वाटला की सुंदर गोड लगदा होतो, आणि दोन लहान चमचे लगदा चार वाट्यांना पुरतो. पिवळ्या बेदाण्याला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली असते, हे शेडवर काम केलेल्या माणसांना ठाऊकच आहे. म्हणून तो कोमट पाण्याने दोनदा धुवावा, आणि घरात कोणा मुलाला दमा असेल तर धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा घ्यावा. न वाटलेला अख्खा बेदाणा लहानांना घालू नये. तो चिवट असतो आणि टाळूला चिकटतो.

वर सांगितलेल्या प्रमाणात अर्धी वाटी फळाचा गर मिसळला की चार लहान वाट्या होतात आणि नातीला त्यातली एक पुरे. एका वाटीत सुमारे सहा ग्रॅम चिया आणि त्यातून दोन ग्रॅमच्या आसपास तंतू जातात. एरवी तंतूमय पदार्थ कमी खाणाऱ्या मुलाला सुरुवातीलाच दोन-दोन वाट्या दिल्या तर पोट फुगते, म्हणून पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी द्यावी आणि त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा थोडे जास्त प्यायला लावावे. आठवड्यातून दोन-तीनदा पुष्कळ झाले.

पाकिटावर लिहिलेल्या मोठाल्या दाव्यांकडे मात्र फारसे लक्ष देऊ नये. चियामध्ये दुधाच्या पाचपट कॅल्शियम असते हे वजनाला वजन धरले तर खरे आहे : १०० ग्रॅम चियात सुमारे ६३० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. पण १०० ग्रॅम चिया कोणते मूल खाते? आपल्या नातीच्या वाटीतल्या सहा ग्रॅम चियातून ४० मिलिग्रॅमच्या आतच कॅल्शियम येते आणि त्याच वाटीतल्या ६० मिलिलिटर दुधातून ७० मिलिग्रॅमच्या वर. म्हणजे चियाने वाटी आळते आणि थोडे तंतू मिळतात, पोषणाचा मोठा वाटा दूध आणि फळेच उचलतात. पाकीट महाग वाटले किंवा संपले तर नुसते शिकरण दिले म्हणून नातीचे काही बिघडणार नाही.

राहिला अकरा महिन्यांचा नातू. त्याला चिया देऊन आपण असे काय मिळवणार, हा प्रश्न मी आधी विचारीन. त्याचा पहिला वाढदिवस होऊ द्यावा, त्याला मऊ भात-वरण नीट गिळता येऊ लागू द्यावे, आणि मग आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून पूड करून रात्रभर भिजवलेली चिया चहाच्या चमच्याने अर्धा चमचा, दुसरा कोणताही नवा पदार्थ त्या दोन-तीन दिवसांत न देता, सुरू करावी. तोवर बहिणीच्या वाटीतलेच फळ बिया मिसळण्यापूर्वी बाजूला काढून, कुस्करून त्याला भरवावे. दोघांना एकच खाऊ मिळाल्याचे समाधान त्यातही आहे.

प्रश्न : माझी मुलगी बालवाडीत जाते. चियाचे पुडिंग तिला डब्यात देता येईल का? गोडीसाठी मी महाबळेश्वरचा मध घालते. नऊ महिन्यांचा धाकटाही कधीकधी तिच्या चमच्यावरचे चाटतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी मधाचे सांगते, कारण ते डब्यापेक्षा महत्त्वाचे आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, बोटावर चाटवण्यापुरताही नाही. मधात एका विशिष्ट जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते वाढत नाहीत, पण बाळाच्या अपरिपक्व आतड्यांत वाढून विष तयार करतात आणि त्याने स्नायू लुळे पडतात. हे बीजाणू घरगुती उकळण्यानेही मरत नाहीत. मध शुद्ध आहे की भेसळीचा, याच्याशी याचा संबंध नाही. देशातले पहिले मधाचे गाव म्हणून २०२२ साली घोषित झालेले मांघर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तिथला मध कितीही अस्सल असला तरी बाळासाठी नियम तोच. आतापर्यंत चाटले म्हणून घाबरून जाऊ नये, परंतु बाळाला बद्धकोष्ठ झाले, रडण्याचा आवाज क्षीण झाला, दूध ओढण्यात जोर राहिला नाही किंवा मान सैल पडू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि मध चाटल्याचे त्यांना आवर्जून सांगावे. मुलीची वाटी आजपासून वर सांगितलेल्या बेदाण्याच्या लगद्याने गोड करावी, म्हणजे चमचा कोणाच्या तोंडात गेला याची धास्ती राहणार नाही.

डब्याबद्दल माझे उत्तर नकाराचे आहे. दुधाचा न शिजवलेला पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांहून अधिक राहू नये आणि बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एक तासाहून अधिक नाही. सकाळी आठला भरलेला डबा साडेदहाच्या सुट्टीत दप्तरातून निघेपर्यंत दोन्ही मर्यादा ओलांडलेल्या असतात. डब्यात केळे, चिकूच्या फोडी किंवा पोळीचा रोल द्यावा आणि पुडिंग मुलगी घरी आल्यावर फ्रीजमधून काढून द्यावे. दुधात भिजलेली नुसती चिया फ्रीजमध्ये दोन दिवस चांगली राहते. फळ मिसळल्यावर मात्र ती त्याच दिवशी संपवावी, आणि मधे चार-पाच तास वीज गेली असेल तर वास न घेता, चव न पाहता टाकून द्यावी.

प्रश्न : चिया आमच्याकडे सहज मिळत नाही. त्याऐवजी सबजा किंवा अळीव चालेल का?
— एक वाचक, विटा

उत्तर : सबज्याने दूध आळत नाही, हे वर आलेच आहे. त्यामुळे घट्टपणा दुसरीकडून आणावा : फडक्यात तासभर टांगून ठेवलेल्या दह्यात आंब्याचा रस फेटावा आणि वीस मिनिटे भरपूर पाण्यात भिजवून निथळलेला सबजा त्यात शेवटी मिसळावा. अळीव दुधात भिजवले तर चांगले आळतात, म्हणून ते चियाला अधिक जवळचे आहेत. चार-पाच तास भिजवलेल्या अळिवांत ओले खोबरे आणि कुस्करलेले केळे घातले की बाळंतिणीच्या लाडवाची ओळखीची चव येते. अळिवांना थोडा तिखटसर, मोहरीसारखा उग्रपणा असतो आणि तो मुलांच्या लगेच लक्षात येतो. तेव्हा पहिल्या वेळी वाटीभर दुधाला लहान चमचाभरच अळीव घ्यावेत आणि केळे चांगले पिकलेले, सालीवर काळे ठिपके आलेले निवडावे.